अंगाला पडलेला विसर

वैशाखातल्या भर दुपारी, जेव्हा चंद्रपूरकडे कावळासुद्धा झाड सोडायला तयार नसतो, तेव्हा प्रणिता मोहुर्ले रुळांच्या कडेने एकटी चालत असायची. डोक्याला दुपट्टा, हातात लाल झेंडी, खांद्यावरच्या पिशवीत पाना आणि रुळाला चिकटवायची तापमापी. याला उन्हाळी गस्त म्हणतात. रूळ तापले की वाढतात, वाढायला जागा मिळाली नाही की वाकडे होतात, आणि त्यावरून गाडी आली की पुढचं बोलायलाच नको. म्हणून ऊन जेव्हा सर्वांत कडक असतं, नेमकं तेव्हाच कुणीतरी चालत जाऊन बघावं लागतं. बाकीचे लोक या कामाच्या नावानेच अर्धमेले व्हायचे. प्रणिता मात्र संध्याकाळी शतपावलीला निघाल्यासारखी चालायची. पारा पन्नाशीला टेकलेला, समोरचा सिग्नल मृगजळात घोट्यापर्यंत बुडालेला, लांबवरची पळसाची झाडं पाण्याखाली असल्यासारखी हलतायत, आणि ही आपली शांत. घाम यायचा, पण लागेल तेवढाच, आणि आला तसा उडून जायचा. आपण चालतोय की आपल्याला कुणी अलगद वाहून नेतंय, हेसुद्धा तिला कधीकधी कळत नसे.

हे सगळं स्थिरिकेमुळे. मानेच्या मागे, केस सुरू होतात तिथे, कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी कुपी. तीन उन्हाळ्यांपूर्वी टोळीतली एक बाई रुळांवर भोवळ येऊन पडली, त्यानंतर साहेबांनी विचारलं, कोण बसवून घेणार? बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. प्रणिताने हात वर केला.

आता ही कुपी करते काय, ते एकदा समजून घेऊ. आपल्या मेंदूच्या बुडाशी बदामाएवढी एक जागा असते. अंगाची चूल तीच सांभाळते. अंग तापलं की ती कातडीकडे रक्त सोडते, घाम काढते. गार पडलं की रक्त आत ओढून घेते, स्नायूंना थरथरायला लावते. पण तिचा कारभार तसा सैलच. अर्धा अंश इकडे, अर्धा अंश तिकडे, ती फारसं मनावर घेत नाही. माणूस घाबरला, चिडला, रडला, की नाडी वाढू देते, रक्तदाब चढू देते, आणि मग सावकाश सगळं जागेवर आणते. स्थिरिकेला हा सैलपणा मंजूर नव्हता. नसांमधून जाणारे निरोप ती वाचायची आणि त्या बदामाच्या आधीच आपला हुकूम सोडायची. शिवाय ती शिकायची. ही बाई जेवणानंतर उन्हात उतरते हे एकदा तिला कळलं, की सकाळपासूनच अंगाची तयारी सुरू. धाप नाही, धडधड नाही. प्रणिताचे वडील वारले तेव्हाही तिची नाडी जागची हलली नव्हती. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण अंगाला वाटलं नाही. तिरडीपाशी ती कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली आणि नातेवाईक म्हणाले, पोरगी मोठी धीराची.

नवरा प्रफुल. कूलर दुरुस्त करायचा धंदा, आणि घाम इतका, की रोज संध्याकाळी बनियन पिळून वाळत घालावी लागे. स्थिरिकेच्या नावाने तो येता-जाता खडे फोडायचा. कूलरवाल्याच्याच बायकोला कूलर लागत नाही, ही काय तऱ्हा झाली म्हणायचा. पण त्याचा राग मनापासूनचा नव्हता, कारण बायको उन्हातून जिवंत परत येते याचं त्याला मोल होतं. त्याची आणखी एक खोड म्हणजे सकाळी चहाबरोबर रात्रीचं स्वप्न सांगणं. त्याच्या स्वप्नात हत्ती कूलर दुरुस्तीला घेऊन यायचे, मेलेल्या मावश्या जिवंत होऊन उधारीने कूलरच्या वाळ्याच्या ताट्या मागायच्या. सगळं सांगून झालं की म्हणायचा, आता तुझं सांग. आणि प्रणिताकडे सांगायला काही नसायचं. आधी वाटलं, आठवत नसेल. मग कळलं की स्वप्नच पडत नाहीत.

स्थिरिकावाल्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर तेलंगबाईंनी तिला त्याचं कारण सांगितलं होतं. स्वप्न पडायच्या वेळी अंग आपली चूल सोडून देतं. तेवढा वेळ घाम नाही, थरथर नाही, मेंदू तापमानाकडे बघतच नाही. आपण सगळेच रोज असे थोडा वेळ वाऱ्यावर असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. स्थिरिकेला मात्र हा गाफीलपणा दिसला की ती अंगाला हलकेच ढोसायची, झोप मोडणार नाही इतपतच, आणि स्वप्न दारातूनच मागे फिरायचं. तेलंगबाईंनी विचारलं होतं, याचा काही त्रास होतो का? त्रास काहीच होत नव्हता.

मग तिला दिवस गेले. स्थिरिका काढावी का, यावर मोठ्या डॉक्टरांचा बराच खल झाला आणि राहू द्यावी असं ठरलं, कारण मोजून पाहिलं ते सगळं उत्तम होतं. गस्तीचं काम थांबलं, बसून करायचं काम मिळालं. सगळं सुरळीत चाललेलं असताना, आठवा महिना नुकता लागला होता तेव्हा, एका दुपारी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. वजन सव्वा किलोच्या आसपास, कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या रेषा दिसाव्यात. प्रफुलने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काचेच्या पेटीत मूठ आवळून पडली होती आणि तिच्याभोवती तीन माणसं हातात काही ना काही घेऊन उभी होती. तो म्हणाला, ही तर मॅनेजर आहे. तेव्हापासून तिचं नाव मॅनेजर पडलं.

नवजात कक्षाच्या प्रमुख होत्या अनसूया वाकुडकर सिस्टर. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. त्यांचा पेटीवर विश्वास होता, पण अर्धाच. पेटीत ऊब मिळते, त्या म्हणायच्या, पण एवढंसं लेकरू पेटीत दूध ओढायचं विसरतं आणि कधी कधी श्वास घ्यायचंही विसरतं. त्याला माणसाचं अंग लागतं. म्हणून आईच्या उघड्या छातीवर लेकराला उघडंच झोपवायचं, वरून कापड बांधायचं, आणि आईने तासन् तास आरामखुर्चीत पडून राहायचं. कांगारू म्हणतात याला.

प्रणिता आनंदाने खुर्चीत बसली. सिस्टरने मॅनेजरला तिच्या छातीवर ठेवलं. पहिल्या क्षणी तिला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होणार. थोड्या वेळात पोरगी चुळबुळायला लागली, मग तिचे तळवे गार पडले, मग ती बारीक आवाजात कण्हायला लागली. सिस्टरने उचलून पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी प्रणिताला जरा बरं नव्हतं म्हणून प्रफुलला बसवलं, तर त्या घामट, केसाळ छातीवर पोरगी अशी विसावली की तासभर हलली नाही, आणि उठल्यावर दूधही जास्त प्यायली. प्रफुलला आनंद लपवता येईना. प्रणिताने भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी दोघांचं वाजलं. प्रफुल म्हणाला, मी काय मुद्दाम केलं का? प्रणिता म्हणाली, तू काहीच केलं नाही, तेच तर सहन होत नाही. नऊ महिने पोटात ठेवायचं ते सात महिनेच ठेवलं, आणि आता छातीवरही ठेवता येत नाही, मग मी आई कसली? हे सगळं ती एका सुरात बोलत होती, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त दे म्हणून सांगावं तशी. तो सूर ऐकून प्रफुलच्याच डोळ्यांत पाणी आलं.

अनसूया सिस्टरच्या मनात शंका आली होतीच. त्यांनी एक चिमुकली तापमापी पोरीच्या पाठीवर चिकटवली आणि दुसरी, नाडीही मोजणारी, आईच्या छातीवर. मग प्रणिताला जवळ बसवून सांगितलं. लेकरू गार पडलं की आईच्या छातीची कातडी आपोआप तापते. लेकरू तापलं की ती उतरते. दोन-चार मिनिटांत होतं हे, आणि आईला पत्ताही नसतो. जुळी असतील तर डावीकडची ऊब वेगळी आणि उजवीकडची वेगळी. बापांच्या छातीलाही हे जमतं, जरा आडमुठेपणाने. "आणि तुझी छाती, बाई, काल जेवढी होती तेवढीच आज आहे. पोरीकडे बघतच नाही ती."

हे ऐकल्यावर प्रणिताने जे केलं, ते रुळांवर काम करणाऱ्या माणसालाच सुचलं असतं. लांब रूळ टाकताना त्याला एका ठरावीक तापमानाला आणतात आणि तिथेच आवळून टाकतात. ते तापमान नीट निवडलं, की मग थंडी असो की ऊन, रूळ धरून राहतो. ही तिची दहा वर्षांची सवय. तिने विचार केला, माझं तापमान चुकीचं निवडलंय, एवढंच. पोरीला गार लागतं ना, मग जरा वर आवळू. फोनवरून स्थिरिकेचा आकडा थोडा सरकवायची सोय होती. कुणाला न विचारता तिने तो टोकापर्यंत सरकवला.

दुपारी मॅनेजर छातीवर आली आणि खरंच, पाच-दहा मिनिटांत तळवे गरम झाले. गालांवर लाली आली. कण्हणं थांबलं. प्रणिताला इतकं समाधान वाटलं की ती डोळे मिटून पडून राहिली. बाहेर गच्चीवरच्या टाकीतून पाणी पडत होतं, त्याचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. पोरगी आणखी गरम झाली. मग आणखी. लाली गळ्यावर उतरली, हात सैल पडले. ऊब थांबेना, कारण थांबायचं कधी हे सांगणारं त्या छातीत कुणी नव्हतं. आणि यंत्र वाजायला लागलं.

पोरीचा श्वास थांबला होता. सिस्टर धावत आल्या, तिला उचललं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. ओठ निळे होत चालले होते. प्रणिता बघत होती. समोर आपलं लेकरू श्वास घेत नाही, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिची स्वतःची नाडी दिसतेय, संथ, एकसारखी, एक ठोका इकडचा तिकडे नाही. तिने छातीवर हात ठेवून पाहिला. आत काहीच नव्हतं. भीती तिच्या डोक्यात होती, आणि अंग एखाद्या परक्या बाईसारखं बाजूला स्वस्थ बसून होतं. मग पोरीने आचका देऊन श्वास घेतला आणि रडली. सिस्टरने तिला पेटीत ठेवलं, प्रणिताचा फोन काढून घेतला, आणि तिला जे काही बोलल्या ते सगळं तिने मान खाली घालून ऐकलं.

संध्याकाळी तेलंगबाई आल्या तेव्हा प्रणिताने एकच गोष्ट सांगितली, हे बंद करा.

तेलंगबाई खुर्ची ओढून बसल्या. बंद करता येतं, त्या म्हणाल्या, पण हिवाळ्यात, हळूहळू, तीन-चार महिने लावून. तीन वर्षांत तुझ्या मेंदूला कारभार करायची गरजच पडलेली नाही. एकदम सोडलं तर तो गोंधळतो. ताप चढतो, मग एकाएकी हुडहुडी भरते, रक्तदाब कोसळतो. त्यांच्या पाहण्यात दोघांनी असं केलं होतं. एकाला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. दुसरा वाचला नाही. शिवाय अंगाला सगळं आठवेलच, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आणि नेमका प्रफुलला त्याच दिवशी खोकला झाला. खोकणाऱ्या माणसाला कक्षात पाऊल ठेवायला बंदी, आणि आई-बापाखेरीज तिसऱ्या कुणाला आत सोडत नसत. मॅनेजर दिवसभर पेटीत पडून राहू लागली. दूध नळीतून देत होते, तरी वजन उतरत होतं. श्वास विसरायची तिची सवय वाढत होती. प्रफुल काचेच्या पलीकडे उभा राहून फोनवरून बोलायचा.

"आठवडाभर थांब ना. माझा खोकला जाईल. मी बसतो ना तिला घेऊन."

"तिच्याजवळ आठवडा आहे का?"

कपाळ काचेला टेकवून तो म्हणाला, "आणि तुला काही झालं तर मी काय करू, प्रणिता?"

"तर तू आहेस ना तिला," ती म्हणाली. "मी आत्ता असून नसल्यासारखीच आहे, प्रफुल. तुलाही दिसून राहिलं ना ते."

पोरीचं उतरतं वजन पाहून तेलंगबाई शेवटी तयार झाल्या. त्यांनी तिला पेटीशेजारच्याच पलंगावर झोपवलं, सलाइन लावलं, आणि सकाळी स्थिरिका बंद केली.

आधी काहीच झालं नाही. मग कपाळावर एक थेंब जमला, डोळ्यात उतरला, आणि डोळा चुरचुरला. घामाची खारट चव असते हे ती विसरून गेली होती. थोड्या वेळाने अंगभर पाणी सुटलं, चादर भिजली, आणि हृदय उगाचच धावायला लागलं, मध्येच थबकायला लागलं, नवशिक्याने सायकल चालवावी तसं. ताप चढला. ताप उतरला. तेलंगबाई उशाशी बसून होत्या. वडील गेल्याचं दुःख इतक्या काळाने अंगात आलं आणि ती हमसून हमसून रडली. का रडतेय हे कुणाला कळलं नाही आणि तिने सांगितलंही नाही. रडून थकली तेव्हा झोप लागली, आणि त्या झोपेत बुडता बुडता खालची जमीन सुटली.

तिला रूळ दिसले. ते दोन्हीकडे पसरलेले होते आणि संथ श्वास घेत होते, वर होत होते, खाली होत होते. खडीच्या जागी तांदूळ होते. वडील धोतर खोचून तांदळात पाणी सोडत होते आणि म्हणत होते, वाफे जरा तुंबू दे, मग फोड. सिग्नलच्या खांबावर एक बाई बसून केस वाळवत होती, ती बहुतेक प्रणिताच होती. लांबून गाडी येत होती, पण ती येतच राहिली, पोचली कधीच नाही. आणि या सगळ्यावर कुठलंसं हिरवट ऊन पडलेलं होतं, ज्यात गरमही होत नव्हतं आणि गारही.

जागी झाली तेव्हा दुपार होती आणि ती थंडीने कुडकुडत होती. बाहेर पन्नास अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि या बाईचे दात एकमेकांवर आपटत होते. सिस्टरनी कक्षातला कूलर बंद करायला लावला, दोन ब्लँकेट टाकली, तरी थरथर थांबेना. बोटांची टोकं पांढरी पडली होती. तेलंगबाईंनी नाडी धरली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही खरं दिसत नव्हतं. स्थिरिका परत चालू करू का, असं त्यांनी विचारलं. प्रणिताने मान हलवली, नाही.

तेवढ्यात शेजारच्या पेटीचं यंत्र वाजलं. मॅनेजर पुन्हा श्वास विसरली होती. सिस्टरने तिला चोळून जागं केलं, पण पेटीची झाकणं उघडझाप करण्यात ती गार पडली होती, ओठांची कड फिकट झाली होती. सिस्टर पोरीला हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि तेलंगबाईंकडे पाहायला लागल्या. अशा गारठलेल्या बाईच्या अंगावर गारठलेलं लेकरू कसं द्यायचं?

"द्या," प्रणिता म्हणाली. दातांवर दात आपटत होते, तरी शब्द कळला.

सिस्टरने पोरीला तिच्या छातीवर ठेवलं, दोघींना दोन तापमाप्या चिकटवल्या, वरून ब्लँकेट ओढलं. काचेपलीकडे प्रफुल आला होता, तोंडाला रुमाल बांधून. प्रणिताचे पाय थरथरत होते, खांदे थरथरत होते, पोरगी त्या थरथरीवर बारीक हलत होती. सिस्टर पोरीच्या आकड्याकडे बघत होत्या. तो हलला नाही. मग त्यांनी आईचा आकडा पाहिला, डोळे बारीक केले, तापमापी नीट चिकटली आहे का ते बोटाने दाबून पाहिलं, आणि तेलंगबाईंना जवळ बोलावलं.

तेलंगबाईंनी आधी प्रणिताचे हात चाचपले. बर्फासारखे. गाल गार, पोट गार. मग ब्लँकेटखाली हात घालून पोरीच्या कडेला, छातीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तेवढी वीतभर जागा कढत होती. बाकीच्या अंगाने रक्त आत ओढून घेतलं होतं, हातापायांना वाऱ्यावर सोडलं होतं, आणि जे काही उरलं होतं ते सगळं तिथे आणून ओतत होतं. तीन वर्षांत ते अंग स्वतःला सांभाळायचं साफ विसरलं होतं. हे एवढं मात्र कुणी न शिकवता करत होतं.

पोरीचा आकडा थोडा वर सरकला. मग आणखी थोडा. तिने मूठ उघडली, आईच्या कातडीवर पसरली, आणि तोंड इकडेतिकडे घासत दूध शोधायला लागली. सिस्टरने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले आणि आपला नेहमीचा खणखणीत आवाज काढायचा प्रयत्न केला.

"लय थंडी वाजून राहिली का व?"

"वाजते," प्रणिता म्हणाली. "तिला?"

सिस्टरने आकडा पुन्हा एकदा पाहिला.

"तिला नाही."

"मग वाजू द्या."